रेषेबाहेरची आरोळी

शाळेने पालकांसाठी जपानीत छापलेल्या कागदावर चारच ओळी होत्या, आणि विनायक खांबेटेने त्या न वाचताच खाली सही ठोकली होती. टाळ्या वाजवा. नाव घेऊन प्रोत्साहन द्या. रेफरीला काही बोलू नका. मैदानातल्या मुलीला सूचना देऊ नका. नंतर तन्वीने त्या मराठीत वाचून दाखवल्या तेव्हा तो म्हणाला, "हे इथल्या गरीब गाईंसाठी गं. आपण थोडंच काही चुकीचं सांगतो?"

तन्वी त्याची एकुलती एक मुलगी. सतरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या वर्षाला, मुलींच्या फुटबॉल टीममध्ये उजव्या बगलेवरून खेळणारी. तिच्याइतकं पळणारी मुलगी सबंध वॉर्डात नाही असं विनायक त्यांच्या हिगाशी-कसाई भागातल्या प्रत्येक मराठी घरात सांगून आला होता, आणि नवल म्हणजे ते खरंही होतं. क्योतोच्या एका युनिव्हर्सिटीने शाळेत तिची चौकशी केली होती. शिफारशीवर प्रवेश, राहायला हॉस्टेल, चार वर्षं फुटबॉल आणि सोबत फिजिओथेरपीची डिग्री. तन्वीला आयुष्यात आत्तापुरतं एवढंच हवं होतं. पण त्यासाठी पत्र लागणार होतं ते इशिझुका-सानचं. ते शाळेच्या टीमचे कांतोकु, म्हणजे मुख्य कोच. त्यांच्या सही-शिक्क्याशिवाय क्योतोवाले अर्जाचं पाकीटसुद्धा उघडणार नव्हते.

विनायकने त्या कागदाला पहिल्याच मॅचला हरताळ फासला. "लेफ्ट! लेफ्ट! पास दे!" बाकीचे पालक गुडघ्यावर हात ठेवून शाळेतल्या मुलांसारखे बसलेले, आणि हा पांढऱ्या रेषेच्या कडेने तन्वीबरोबर धावतोय. मार्चमध्ये कांतोकुंनी त्याला बोलावून घेतलं. विनायकला जपानी ऐकून सगळं कळायचं, बोलायला मात्र जीभ वळायची नाही. महत्त्वाचं काही असलं की घरात दुभाषी तन्वीच. बँकेत तीच, डॉक्टरकडे तीच. त्या दिवशी बापाला मिळालेली समजही तिनेच भाषांतर करून बापाला सांगितली. "पुन्हा असं झालं, तर शिफारशीबद्दल मला विचार करावा लागेल."

सात वर्षं जपानी ऑफिसात काढलेल्या माणसाला 'विचार करावा लागेल' म्हणजे 'नाही' हे वेगळं सांगायला लागत नाही. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. याने डोकं लढवलं, आणि पुढच्या मॅचपासून मराठीत ओरडायला लागला.

"मागे बघ! धाव! ऊठ! दे तिला, दे!"

पालक संघाच्या अध्यक्ष हायाशी-सान अदबीने जवळ आल्या आणि त्यांनी हे काय म्हणून विचारलं. "इंडियन चिअर," विनायक म्हणाला. "गांबारे! सेम सेम." म्हणजे जपानी लोक 'जोर लाव' म्हणतात तसंच. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी 'धाव' आणि 'ऊठ' हे दोन शब्द त्यांच्या लिपीत कागदावर उतरवून घेतले आणि सगळ्यांना वाटले. तिसऱ्या मॅचला चौदा जपानी आईबाप टाळ्यांच्या तालावर "धावऽ, तन्वी! ऊठऽ, तन्वी!" म्हणत होते. विनायकला हसू आवरेना. ऑफिसात त्याने हा किस्सा दोनदा सांगितला.

तन्वीला हसू आलं नाही. घरी आल्यावर बुटांच्या नाड्या सोडता सोडता ती म्हणाली, "बाबा, प्लीज. तू ओरडलास की मला बॉल दिसत नाही. फक्त तू दिसतोस."

"अगं, तुझ्यासाठीच घसा फोडतो ना मी?"

तिने बूट कपाटात ठेवले आणि ती आत गेली.

जूनमधल्या त्या रविवारच्या मॅचला क्योतोच्या कोचबाई स्वतः आल्या होत्या. निळी टोपी, मांडीवर वही. सुनेत्रा, विनायकची बायको, त्या दिवशी मैदानाच्या मागच्या फाटकाशी होती. आयांना तिथे पाळीपाळीने सायकली लावून घ्यायचं काम असतं आणि तिची पाळी नेमकी आली होती. त्यामुळे पुढे जे झालं ते तिने पाहिलं नाही, आणि ऐकलंही नाही.

दुसरा हाफ, एक-एक गोल. तन्वीने पाय रोवून वळण घेतलं आणि ती कोसळली. कुणाचा धक्कासुद्धा लागला नव्हता. दोन्ही हातांनी तिने गुडघा धरला. रेफरीने शिट्टी मारली, कांतोकु उभे राहिले आणि बदली मुलीला त्यांनी जॅकेट काढायची खूण केली. विनायकने मुलीकडे एकदा पाहिलं आणि निळ्या टोपीकडे तीनदा. बाईंचं पेन थांबलं होतं.

"ऊठ! तन्वी, ऊठ! काही झालेलं नाहीये! त्या बाई बघतायत, ऊठ म्हणतो ना!"

हायाशी-साननी 'ऊठ' एवढंच ओळखलं. त्यांनी टाळीचा ताल धरला, मागोमाग सगळे उभे राहिले. भल्या माणसांची ती रांग मनापासून ओरडत होती. "ऊठऽ, तन्वी! ऊठऽ, तन्वी!"

तन्वीने मान उचलून त्या रांगेकडे पाहिलं. मग एक हात जमिनीला टेकून ती उभी राहिली. कांतोकुंनी बेंचवरून ओरडून विचारलं, ठीक आहेस ना? तिने हात वर केला. त्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा केला. बदली मुलगी खाली बसली. आणि विनायकची छाती अभिमानाने फुगली. सांगायला लाज वाटते, पण फुगली.

नऊ मिनिटांनी ती पुन्हा पडली. या वेळी तिची किंकाळी मागच्या फाटकापर्यंत गेली आणि सुनेत्रा हातातली सायकल तशीच टाकून धावत आली.

डॉक्टरांनी फोटो दाखवून समजावलं. पहिल्या पडण्यात गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. तिथेच थांबली असती तर एक ऑपरेशन, आणि सहसा खेळाडू परत उभे राहतात. पण तुटलेल्या गुडघ्यावर ती नऊ मिनिटं पळली, त्यात आतली गादी चिरडली. आता वर्ष लागेल, आणि पूर्वीसारखा वेग येईलच असं नाही. हिला खेळू कुणी दिलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा विनायक भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर वाचत होता.

बुधवारी दुपारी कांतोकु हॉस्पिटलात आले. सूट घालून, पलंगाच्या पायाशी ताठ उभे. त्यांनी आधी क्योतोचा निरोप सांगितला. दुखापत बरी होते, चार वर्षं हातात आहेत, आणि त्यांना तन्वी अजूनही हवी आहे. जपानी न कळणाऱ्या आईला तन्वीने हे मराठीत सांगताना अर्ध्यावर तिचा आवाज फुटला. सुनेत्राने तिचं डोकं पोटाशी धरलं. दोघी रडल्या, आणि विनायकला चार दिवसांत पहिल्यांदा धड श्वास घेता आला.

"पत्र लिहिण्याआधी मला एक विचारायचं आहे," कांतोकु म्हणाले. ते 'ओतोसान'कडे, म्हणजे तन्वीच्या वडिलांकडे, वळले. "ओतोसान, ती पहिल्यांदा पडली तेव्हा तुम्ही बरंच काही बोलत होतात. एक शब्द सगळ्यांनी म्हटला. हायाशी-सान सांगतात तो धीर देण्याचा आहे. बाकीचं काय होतं?"

विनायकला भाषांतराची गरज नव्हती, तरी तो तन्वीच्या तोंडून प्रश्न पुन्हा ऐकेपर्यंत थांबला. तेवढा वेळ त्याला पुरला. खरं सांगितलं की 'विचार करावा लागेल'. क्योतो गेलं. मुलीच्या भल्यासाठीच, असं त्याने स्वतःला बजावलं.

"सांग त्यांना," तो म्हणाला. "मी म्हणत होतो, धीर धर, हलू नकोस, मॅच गेली तरी चालेल."

तन्वी बघत राहिली. "बाबा?"

"सांग."

तिने सांगितलं. शब्दाला शब्द, एकाही जागी न अडखळता.

कांतोकु तन्वीकडे वळले. मग तिला म्हणाले, "वडील हलू नकोस सांगत होते. मी बदली खेळाडू उभी केली होती. दोनदा विचारलं. तरी हात तू स्वतःहून वर केलास?"

तन्वीने बापाकडे पाहिलं नाही. "हाय," ती म्हणाली, म्हणजे हो. "मीच केला. सुमिमासेन, माफ करा."

"मला वाटलं होतं, तुला कुणीतरी मोठ्या माणसाने ढकललं," कांतोकु सावकाश म्हणाले. "तसं असतं तर मी पत्र आजच लिहिलं असतं, आणि त्या माणसाशी काय बोलायचं ते वेगळं बोललो असतो. पण तिथले लोक मला एकच गोष्ट विचारतात. ही मुलगी आपल्या दुखण्याबद्दल खरं सांगते का? यापुढे मी त्यावर शिक्का मारू शकत नाही. नऊ मिनिटं तुला पळू दिलं ही चूक माझी. त्याबद्दल क्षमा मागतो."

ते कमरेतून वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

विनायकला एकूण एक शब्द कळला होता. 'वाताशी देस.' मीच तो. जपानात उतरल्यावर पहिल्या आठवड्यात शिकलेले हे दोन शब्द, ते म्हणायला दुभाष्या लागत नाही. ते ओठापर्यंत आलेही. मग त्याला आठवलं की आता तो नुसता ओरडणारा राहिला नव्हता, तोंडावर खोटं बोललेलाही होता, आणि तेही मुलीच्या तोंडून. हायाशी-सानना कळेल. त्या चौदा जणांना कळेल की आपण काय ओरडत होतो. ऑफिसात कळेल. तोवर कांतोकु सरळ झाले, दाराशी पुन्हा एकदा वाकले आणि निघाले. कॉरिडॉर लांब होता. लिफ्ट यायला वेळ लागत होता, तिचे वरचे आकडे उघड्या दारातून दिसत होते. विनायक ते आकडे बघत उभा राहिला. भित्रा माणूस असा उभा राहतो तेव्हा विचारात पडल्यासारखा दिसतो.

लिफ्ट गेली.

"काय झालं? ते इतके का वाकले?" सुनेत्राचे डोळे अजून मघाच्या आनंदाने ओले होते. "तन्वी, काय म्हणाले गं?"

भाषांतराचं काम तन्वीने आयुष्यात पहिल्यांदा बापावर सोडलं आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हणाले, पत्र देता येणार नाही," विनायक म्हणाला. "तन्वीने दुखणं लपवलं, म्हणून."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

सुनेत्राचा हात मुलीच्या डोक्यावरून निघाला. "अगं, पण का?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढत गेला. "बाबा एवढा जीव तोडून सांगत होता ना, हलू नकोस, मॅच गेली तर जाऊ दे म्हणून? त्याचं तरी ऐकायचंस! स्वतःच्या हाताने सगळं घालवलंस, तन्वी. का उठलीस तू?"

तन्वीने पांघरुणाची घडी दोन्ही हातांनी नीट केली. विनायकला वाटलं, आता बोलेल. आणि खरं म्हणजे तिने बोलावं असंही त्याला वाटलं.

"चुकलं माझं, आई," ती म्हणाली.

सुनेत्रा हुंदके द्यायला लागली. विनायक पुढे झाला आणि त्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे," तो म्हणाला. "नको रागावूस तिला. लहान आहे अजून."