छपरावरचा पोचा

दिवसभर कोलशेतच्या कारखान्यात पत्रा कापायचा आणि टिटवाळ्याला घरी येऊन पुन्हा पत्राच कापत बसायचं, म्हणजे माझी हौस बघा! पत्र्याच्या जुन्या खेळण्यातल्या गाड्या मी खऱ्या इंजिनांसारख्या करून देतो. लोक लांबून घेऊन येतात. पण आता कंटाळा आलाय, खरं सांगतो. पाठ धरते, डोळे चुरचुरतात.

ही एक मात्र बाबांसाठी. बाबांनी कसारा घाटात जन्मभर इंजिन चालवलं. शुगरने डोळे गेले, आता माणसांचाही गोंधळ होतो. मला "महेंद्र" अशी हाक मारून कित्येक महिने झाले. एकच धोशा, "राजरत्नची गाडी कुठाय?"

राजरत्न माझा धाकटा भाऊ. पाचवीत असताना काविळीने गेला. त्याची चावीची गाडी माळ्यावर पडलेली. म्हटलं, हिचंच बाबांचं घाटातलं इंजिन करू. ते हातात घेतील, गाडी ओळखतील, मग कदाचित मलाही ओळखतील. वेडी आशा, दुसरं काय!

"अहो, जेवून तरी घ्या," दीप्ती रोज ओरडायची.

काम नेहमीसारखंच केलं. आधी रंग खरवडला, पोचे ठोकून काढले, पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला. मग रंग, पुढे दिवे, वर वीज घ्यायचा तारेचा पॅन्टोग्राफ. छप्पर एकदम गुळगुळीत.

रविवारी बाबांच्या हातात दिली. त्यांनी चाकं चाचपली, पॅन्टोग्राफ चाचपला.

"घाटातलं इंजिन!"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग त्यांचा अंगठा छपरावर फिरायला लागला. पुढे, मागे, पुन्हा पुढे.

"छान आहे. पण राजरत्नची कुठाय?"

"हीच ती, बाबा."

"छट्! तिला पोचा होता. खडवलीला नदीवर नेलेली त्याने, दगडावर आपटली. माझा अंगठा बरोबर बसायचा त्यात."

कपाळ माझं! तो पोचा मीच ठोकून काढलेला, सगळ्या गाड्यांचे काढतो तसा. रडू येत होतं आणि स्वतःचा रागही. हातोडी आणली, आठवेल तिथे एक ठोका दिला. नव्या रंगाचा टवका उडाला. गाडी परत त्यांच्या हातात दिली.

बाबांनी अंगठा ठेवला, जरा दाबला.

"हा नव्हे," ते म्हणाले आणि गाडी अलगद मला परत दिली. "तुम्ही कारागीर चांगले आहात हो. पण आमच्या महेंद्रला विचारा. भावाच्या वस्तू तो फार जपतो."

"विचारतो," मी म्हटलं.