तिरक्या रेघा

कागदांवरचा दगड उचलून ती खिडकीपाशी आली आणि तिथंच थबकली.

दोन महिने तो पेपरवेट म्हणून टेबलावर पडून होता. ड्रिलनं पाडलेल्या दुसऱ्या भोकातून निघालेला, मनगटाएवढा जाड, गोल तुकडा. बाबांनीच आणून ठेवला होता. बाबा ड्रिलिंगचे फोरमन. "राहू दे डोळ्यांसमोर," एवढंच म्हणाले होते. आणि या शहाणीनं त्यावर चहाचा कप ठेवला!

दगडातले काळे पट्टे तिरके होते. तिरके कसले, जवळजवळ उभेच.

जमिनीला हादरे द्यायचे, खालून परतणाऱ्या लाटा टिपायच्या आणि खडकाचं चित्र काढायचं, हे तिचं काम. ती ते शिकली तेलाच्या मुलखात, जिथं थर गाद्यांसारखे आडवे पसरलेले. त्याच सवयीनं इथल्या चित्रातल्या तिरक्या रेघा तिनं लाटांमधला निरर्थक गोंगाट समजून पुसून टाकल्या होत्या.

तिनं न पुसता पुन्हा चित्र काढलं. तासाभरानं एक ठळक तिरकी रेघ उमटली, तिसऱ्या भोकाच्या खुणेपासून तब्बल तीनशे मीटरवर.

पहिली दोन भोकं धातू न लागता रिकामी गेली होती. हे शेवटचं. तेही गेलं, की कॅम्प बंद आणि बाबांच्या टोळीतले नऊ जण घरी. नशीब, रिगचा, म्हणजे ड्रिलिंगच्या यंत्राचा, जॅक चार दिवस बिघडला होता, म्हणून काम खोळंबलं होतं.

ती धावतच सुटली. बाबा टोळीसोबत ट्रकच्या सावलीत बसले होते.

"बाबा, चुकलं माझं. दोन्ही भोकं माझ्यामुळं वाया गेली." नऊ जण ऐकत होते. तिचे कान तापले. "खूण हलवायची आहे. तीनशे मीटर."

"बरं."

"दगड तिरका आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. बोलला का नाहीत?"

"एकदा बोललो होतो. 'बाबा, ते मशीनला कळतं,' म्हणालीस." बाबा हसले. "आणि दगड तिरका आहे एवढंच मला दिसतं गं. धातू कुठं आहे, ते तूच सांगायचं."

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले. रिग अजून ट्रकवरच होती, दोरसुद्धा सोडलेले नव्हते.

"चला रे," त्यांनी टोळीला हाक दिली, "जॅक झाला दुरुस्त."

चार दिवसांत जॅकला कुणी हातही लावला नव्हता.