डाव्या सीटवरचा हँडब्रेक

आमचं घर चढावर आहे. चढ असा की खालच्या वळणावरून पायी निघालेला माणूस दारात पोचेपर्यंत काय काम होतं तेच विसरतो. माझे गुडघे तर कधीच निवृत्त झाले, माझ्याही आधी. त्यामुळे गाडी आहे तोवर हे घर. गाडी गेली की मुलीकडे जायचं, तिच्या सहाव्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत. हे तिनेच मला सांगून ठेवलं होतं, आणि तिचं चुकत नव्हतं.

मी पाण्याचा टँकर चालवायचो. एकदा भरलेला पाइप निसटून डाव्या खांद्यावर बसला. तेव्हापासून त्या हाताने गिअर पडतो, पण वर ओढायचं म्हटलं की खांदा हात जोडतो. पुढे आम्ही जुनी गाडी घेतली तेव्हा हँडब्रेकचा प्रश्न आला. तो दोन सीटच्या मधे, माझ्या डाव्या हाताला आणि बायकोच्या उजव्या. प्रश्न तिनेच सोडवला.

दारात गाडी लावली की मी पाय ब्रेकवर ठेवून म्हणायचो, "ओढ गं."

ती दांडा धरून कट, कट, कट असा वर घ्यायची आणि म्हणायची, "बांधलं हो तुमचं जनावर. उतरा आता."

मग मी पाय काढायचो. टँकरच्या सवयीने गाडी गिअरमधे ठेवायला लागलो की ती चिडायची. "माझ्या ब्रेकवर विश्वास नाही वाटतं? एका दाराला किती कुलपं लावाल?" म्हणून तीही सवय सुटली.

ती गेल्यावर मी सीटवर आडवा वळून उजव्या हाताने दांडा ओढायला शिकलो. दिसायला ते कसंतरीच. समोर जरा खालच्या अंगाला राहणारा शिंपी म्हणायचा, "ड्रायव्हरसाहेब, गाडी लावताय की गाडीशी कुस्ती खेळताय?" पण जमत होतं.

त्या दुपारी मी बाजारातून येत होतो. वाटेत पाहिलं तर चष्मेवाल्याच्या दुकानाला टाळं आणि वर भाड्याने देण्याची पाटी. या चष्मेवाल्याने बायकोला एक फ्रेम गळ्यात मारली होती, ती घातली की बायको घुबडासारखी दिसायची. मी तसं म्हणालो होतो म्हणून दोन दिवस अबोला होता. आता दुकान बंद झालेलं पाहून तिला किती आनंद झाला असता! चढभर मी तिला तेच सांगत आलो. हो, मोठ्याने. गाडीत एकटा माणूस बोलला तर कुणाचं काय जातं?

दारात थांबलो. इंजिन बंद केलं. "ओढ गं," म्हणालो आणि पिशवी घेऊन उतरलो.

गाडी जराशी थांबली, चाकाखाली खडा असावा. मी कुलूप काढत होतो तेव्हा मागे सरकल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर ती सावकाश, अगदी पाहुण्यासारखी, खाली चालली होती. शिंप्याच्या दगडी पायरीवर जाऊन आदळली. दोन कुंड्या फुटल्या. त्या पायरीवर शिंप्याची नात बाहुली खेळते. त्या वेळी ती आत पाणी प्यायला गेली होती.

शिंपी ओरडला नाही. पोरीला कडेवर घेऊन नुसता उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने गाडी उचलून पाहिली. माझ्यापेक्षा थोडा लहान, जुना दोस्त. फडक्याने हात पुसत म्हणाला, "ब्रेकची केबल ठणठणीत आहे तुमची. तुमच्यापेक्षा ताठ."

"मग?"

"मग काय, मला विचारता? तुम्ही ओढलाच नसेल." तो जवळ आला. "तुमची पोरगी येतेय ना? केबल सैल झाली होती, मी आवळली, असं सांगतो. गाडीही राहील, घरही राहील."

मी त्याच्या बाकावर बसलो. मला ते हवंच होतं. पण डोळ्यासमोरून ती पायरी हलेना. केबल आवळता येते. मला कोण आवळणार?

मुलगी आली, बंपर पाहिला, मेकॅनिककडे वळली. "केबल ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मी ओढलाच नाही," मी म्हणालो.

"विसरलात?"

"विसरलो नाही. ओढ म्हणालो आणि उतरलो."

"कुणाला म्हणा—" ती तिथेच थांबली. पर्समधे काहीतरी शोधू लागली. काही सापडलं नाही.

परत जाईपर्यंत ती घराबद्दल एक शब्द बोलली नाही. मी मनातल्या मनात कपाट आवरायला घेतलं.

आठवड्याने ती आली ती तिची स्वतःची गाडी घेऊन. "ही तुम्हाला. मला ऑफिसची मिळतेय. जुनी मात्र विकून टाकायची."

या गाडीत दांडा नव्हता. मधे एक बोटभर बटण. गाडी बंद केली की मागच्या चाकांपाशी मोटर गुरगुरते आणि ब्रेक आपसूक लागतो. पट्टा लावून रेस दिली की आपसूक सुटतो. मेकॅनिक म्हणाला, "बॅटरी बसली तर मात्र सुटायचा नाही. हट्टी आहे." चढावर लावून पाहिली. तसूभर हलली नाही. दांडा किती घट्ट बसला हे हाताला कळायचं. इथे हाताला काही कळत नाही, दिव्यावर विश्वास ठेवायचा. पण शिंप्याची नात पायरीवर आहे आणि मी घरात, ते त्या दिव्यामुळे.

जुनी गाडी न्यायला माणूस आला तेव्हा मी डाव्या सीटवर बसून घेतलं. तिथून दांडा ओढून पाहिला. कट, कट, कट. तिच्या बाजूने तो किती हलका होता, हे मला ठाऊकच नव्हतं.

आता रोज संध्याकाळी मुलीचा फोन येतो.

"बाबा, गाडी लावली?"

"लावली."

"ब्रेक?"

"तिचा तीच लावते. माणूस लागत नाही."

काल तिने विचारलं, "पण तुम्ही 'ओढ' म्हणता ना अजून?"

"म्हणतो," मी म्हणालो. "मग थोडा वेळ बसून राहतो. मोटर गुरगुरते, थांबते. पुढचं कुणी बोलत नाही, मग उतरतो."