गव्हातलं घर

धाकटीचं घर कित्येक वर्षांपासून तयार होतं. ते बांधायचं तेवढं राहिलं होतं.

ती एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची आणि दुकानामागच्याच खोलीत राहायची. खोलीला खिडकी एकच, आणि तिच्यासमोर शेजारच्या इमारतीची भिंत. घासणीचं चाक फिरू लागलं, त्यावर पाण्याची धार लागली, की त्या एकसुरी आवाजात धाकटीचं मन अलगद उठायचं आणि थेट शहराबाहेर, वडिलांच्या शेतातल्या उतारावर जाऊन बसायचं. तिथे तिचं घर होतं. बाहेर पायऱ्या, पिवळं दार, आत शिरल्यावर डावीकडे स्वयंपाकघर, आणि समोर पार जमिनीला टेकलेली मोठी खिडकी. खिडकीतून सगळा गहू दिसे. गिऱ्हाइकाने हाक मारली की घर जागच्या जागी विरून जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच सापडे.

शेत दोघी बहिणींच्या नावावर होतं. कसायची थोरली. ती शेताच्या कडेला, रस्त्यालगतच्या दोन खोल्यांत राहायची. आजूबाजूची शेतं एकेक करून इमारतींखाली गेली होती आणि तिच्या गव्हावरही आता इमारतींच्या भावाने कर लागत होता. थोरली बोलायची कमी, पण अलीकडे तीही म्हणायला लागली होती, "आपण गहू पेरतो आणि कर मात्र बंगल्यांचा भरतो."

अशात नगरपालिकेने एक योजना आणली. शहरातल्या लोकांनी मतदान करून आपल्या घरपट्टीत थोडी वाढ मान्य केली होती. त्या पैशातून नगरपालिका शेतकऱ्यांकडून फक्त बांधकामाचा हक्क विकत घेणार होती. जमीन मालकाचीच, पीक मालकाचंच, करही शेतीचाच. पण त्या जमिनीवर पुन्हा कधीही काही बांधायचं नाही.

थोरलीने फोन केला. "छोटे, रविवारी ये. मोजणीदार येणारेत. दोघींच्या सह्या लागतील."

"म्हणजे तिथे कुणालाच घर बांधता येणार नाही?"

"नाही."

"आपल्यालाही?"

"आपण काय आकाशातून पडलोय?"

घराबद्दल धाकटी ताईशी कधी बोललीच नव्हती. पन्नाशीच्या बाईने काय सांगायचं, मी दुपारभर हवेत खोल्या रंगवते म्हणून?

रविवारी दाट धुकं होतं. बस शेवटच्या थांब्यावर रिकामी झाली. नव्या इमारती कुणी खोडरबराने पुसाव्यात तशा गेल्या होत्या. धाकटी ताईच्या दाराशी न थांबता सरळ उतार चढली. गुडघाभर गहू दवाने वाकला होता. ओळींमधून जपून चालत ती नेमक्या जागी आली आणि एकेक पाऊल उचलून टाकू लागली.

मागून थोरलीचा आवाज आला. "अगं, पिकात काय करतेस?"

"पायऱ्या चढतेय," धाकटी म्हणाली. मग तिने सगळंच सांगून टाकलं. धुक्यात ताईचा चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणून सांगता आलं.

थोरलीने वाकून चिखलाचे बूट काढले आणि बांधावर ठेवले.

"दार कुठाय?"

"इथे. डोकं सांभाळ, चौकट ठेंगणी आहे."

"ठेंगणी का?"

"तू उंच आहेस म्हणून. तुला एकदा तरी माझ्यासमोर वाकायला लावायचं होतं."

थोरली हसली आणि खरंच वाकली. अनवाणी पायांनी ती आत आली. धाकटीने तिला स्वयंपाकघर दाखवलं, कपाटं दाखवली, उन्हाची जागा दाखवली. गव्हाची पाती घोट्यांना लागत होती. दोघी मोठ्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. पलीकडे नुसतं पांढरं होतं.

"छान आहे," थोरली म्हणाली. "माझी खोली कुठली?"

धाकटी ओशाळली. "तुझी... नाही केली."

"बरं झालं. एका घरात दोन दिवसांत एकमेकींची डोकी फोडली असती." मग ती हळूच म्हणाली, "सही करू नकोस. बांध तुझं घर."

"आणि कर?"

"समोरचा तुकडा विकू. बिल्डर मागतोच आहे."

धाकटीने समोर पाहिलं. धुकं जरासं हललं; समोरच्या तुकड्यातला गहू क्षणभर हिरवा होऊन दिसला, आणि तिला त्याच्या जागी मजल्यावर मजले चढलेले दिसले, त्यांच्या खिडक्यांत वाळत घातलेले कपडे दिसले.

तेवढ्यात धुक्यातून हातात उंच काठी घेतलेला मोजणीदार थेट त्यांच्यामध्ये आला.

"अहो, भिंतीतून आलात!" धाकटी ओरडली.

तो बिचारा दचकून मागे सरला. पायाखाली, आजूबाजूला पाहू लागला. "माफ करा... कुठली भिंत?"

धाकटी त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "असू द्या. पाडायचीच आहे."

मोजणीदार भला माणूस होता. त्याने समजावलं, की रस्त्याकडचा एक कोपरा घरासाठी वगळता येईल, मात्र तो आजच सांगावा लागेल. धाकटी तो कोपरा बघूनही आली. तिथून नुसता रस्ता दिसत होता. तिने नकारार्थी मान हलवली, आणि मोजणीदाराच्या गाडीच्या ओल्या बॉनेटवर कागद ठेवून दोघींनी सह्या केल्या. थोरलीने सही करताना तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

पुढचे कितीतरी दिवस वाईट गेले. चाक फिरायचं, मन उठून उतारावर जायचं, आणि तिथे गव्हाशिवाय काही नसायचं. ओळखीचं बिऱ्हाड न सांगता हलावं, तसं तिला झालं. मिळालेल्या रकमेतून तिने वरच्या मजल्यावरची उजेडाची खोली घेतली. ती चांगली होती. पण तिच्यात राहताना स्वप्न मात्र पडत नव्हतं.

पुढच्या हंगामात थोरलीचा फोन आला. "उद्या सकाळी ये. दुपारी येऊन उपयोग नाही."

धाकटी उतारापाशी आली आणि थबकली. हिरव्या गव्हाच्या मधोमध निळं घर पसरलं होतं. ताईने तेवढ्या जागेत जवस पेरला होता, आणि तो फुलला होता. खोल्या जवसाच्या, मधल्या भिंती गव्हाच्या. वारा आला की स्वयंपाकघरातून झोपायच्या खोलीत एक लाट जाई.

"स्वयंपाकघर जरा मोठं झालंय," थोरली म्हणाली. "पेरणीयंत्र वळेना."

"आणि ही मागची कुठली?"

"माझी."

धाकटीने ताईचा हात धरला, आणि दोघी बांधावर बसून राहिल्या.

ऊन चढलं तशा पाकळ्या गळू लागल्या. शहराकडून एक बाई मुलीला घेऊन फिरत आली होती. ती रस्त्यावर उभी राहून बघत राहिली. "किती सुंदर! तुमचं का हो हे?"

"शेत आमचं," धाकटी म्हणाली. "घरपट्टी भरता ना?"

"भरते की. यंदा वाढलीय मेली."

"मग बघायला तुमचंही आहे. या, बसा."

बाईला काही कळलं नाही, पण ती बसली.