पावडर नको, बाबा

सासऱ्यांनी जावयाला घड्याळ द्यावं, कापड द्यावं, फारच हौस असेल तर स्कूटर द्यावी. या सासऱ्यांनी सहा किलोचं लालभडक आग विझवायचं सिलिंडर दिलं, तेही टॅक्सीतून मांडीवर घेऊन.

बत्तीस वर्षं अग्निशमन दलात काढल्यामुळे त्यांना सगळे 'बंब' म्हणत. पाठीमागे म्हणत, पण तोंडावर म्हटलं असतं तरी बिघडलं नसतं. बत्तीस वर्षं सायरनखाली बसून त्यांच्या कानांनी त्यांच्या आधीच निवृत्ती घेतली होती. जावई याच्या अगदी उलट. घराच्या मागच्या दोन खोल्यांत तो ध्वनिमुद्रण करायचा, आणि शेजारच्या इमारतीतल्या फ्रिजमुळे झोप लागत नाही अशी तक्रार करायचा. मित्रांनी त्याचं नाव 'कानसेन' ठेवलं होतं. या दोघांच्या मध्ये सापडलेली बाई एकाची मुलगी आणि दुसऱ्याची बायको होती. मुलांची पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणं हा तिचा व्यवसाय, आणि या दोघांना समजावणं हे बिनपगारी काम.

"जावईबुवा, एका एक्स्टेन्शनला अकरा पिना लावल्यात तुम्ही," बंब आल्या आल्या म्हणाले. "मी मोजल्या."

"नऊच, बाबा. दोन बंद आहेत."

"आग काय विचारून लागते, कोण चालू कोण बंद? सांगा, कुठे टांगू?"

कानसेनाने सिलिंडरवरची पट्टी दोनदा वाचली. कोरडी पावडर. सर्व प्रकारच्या आगींसाठी.

त्याचा जीव अडकला होता त्याच्या मिक्सरमध्ये. टेबलाएवढं ते यंत्र, चोवीस सरकत्या खिट्ट्यांचं. त्याच्या गुरूंनी एकेक तार स्वतः जोडून केलेलं. गुरू गेले, सुटे भाग मिळायचेही बंद झाले. आणि पावडर काय करते हे कानसेनाने एका नाट्यगृहात पाहिलं होतं. तिथे एका ॲम्प्लिफायरमध्ये तळहाताएवढी आग लागली, ती दोन सेकंदांत विझली. पण पावडर फटीफटीत शिरली, ओल धरून बसली आणि महिनाभर आतलं तांबं खात राहिली. आगीत एकच गेला असता, विझवण्यात आठ गेले.

पण सासऱ्यांना 'तुमची भेट नको' म्हणायला वाघाचं काळीज लागतं, आणि कानसेनाचं काळीज बेताचंच होतं. त्याने दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी निमित्त सापडलं. बायको राक्षसाचं बोलणं जाड आवाजात वाचू लागली की भिंतीवरचं सिलिंडर आपल्या पट्टीत बारीक थरथरायचं.

"बाबा, सिलिंडर गातंय."

"काय?"

"गातंय!"

"मग गाऊ दे की. आग लागेपर्यंत त्याला दुसरं काम काय?"

बायको हेडफोन काढून बाहेर आली. "अरे, खरं कारण सांग ना. तोंडात काय मूग धरलेत?"

मग त्याने मिक्सर, पावडर, नाट्यगृह सगळं सांगितलं. बंब रागावले असते तर परवडलं असतं. त्यांनी सिलिंडर भिंतीवरून उतरवलं. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या भेटीपेक्षा आग बरी."

"तसं नाही हो, बाबा."

"तसंच आहे. चला दुकानात. तुम्हाला काय झेपतंय ते बघू."

दुकानदारीण पन्नाशीची, बोलायला चटपटीत. चार तऱ्हेची सिलिंडरं रांगेत मांडून तिने विचारलं, "कशासाठी हवंय?"

"मिक्सरसाठी," कानसेन म्हणाला.

"मग तेलाच्या आगीचं देते. स्वयंपाकघरात तेच चालतं."

"तो मिक्सर नाही हो. आवाजाचा मिक्सर."

"अहो, आवाज कुठल्या मिक्सरला नसतो?"

बायको तोंड फिरवून हसली. बंबांना ऐकू आलं नव्हतं, तरी मुलीला हसताना पाहून तेही हसले. गैरसमज मिटल्यावर बाईने भराभर निकाल लावला. पाणी आणि फेस बाद, कारण चालू विजेवर पाणी मारलं तर आग राहील बाजूला, मारणाराच चिकटेल. पावडरने आग विझेल, पण यंत्राची वाट लागेल. उरला कार्बन डायऑक्साइड. "आधी मेन स्विच बंद करायचा, मग हा गॅस मारायचा. विझवतो आणि उडून जातो, मागे कणभर राहत नाही. हा काळा भोंगा मात्र हाताने धरायचा नाही, गारठ्याने कातडी सोलून निघते."

कानसेनाचा चेहरा उजळला. "याला दाबाचा काटा नाही?"

"नसतो. वजन करून बघायचं. कमी भरलं की भरून आणायचं."

कानसेनाने सिलिंडरवर नखाने टिचकी मारली आणि कान लावला.

"कलिंगड घेताय का, भाऊ?" बाई म्हणाली.

एवढा वेळ हाताची घडी घालून उभ्या असलेल्या बंबांनी तेव्हा तोंड उघडलं. "यांची वाचायची खोली डबीसारखी बंद आहे. बाहेर पडायचं दार एकच, तेही यांच्या यंत्रांच्या खोलीत उघडतं. आग लागली, गॅस मारला, तर आतलं माणूस श्वास कशाचा घेणार?"

बाईने त्यांच्याकडे आदराने पाहिलं. "बरोबर बोललात. आधी माणूस बाहेर, मग गॅस."

कानसेनाने मान डोलावली. त्याचं अर्धं लक्ष अजून टिचकीकडे होतं.

घरी गॅसचं सिलिंडर मिक्सरच्या शेजारी आलं. पावडरचं परत न्यायला बंब तयार होईनात, तेव्हा मुलीने ते बाहेरच्या बोळात, दाराशी ठेवायला लावलं. बंबांनी त्याच्याजवळ खुर्ची टाकली आणि रोज सकाळी तिथे पेपर वाचू लागले. कानसेनाला आतून त्या सिलिंडरची नळी दिसायची. ती नेमकी मिक्सरकडे रोखलेली आहे असं त्याचं ठाम मत होतं.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता बायको बंद खोलीत तेरावं प्रकरण वाचत होती. राक्षस गुहेतून बाहेर येतो तिथे कानसेनाने बटण दाबून तिला थांबवलं.

"परत वाच. कुरकुर येतेय. कागद हलतोय तुझा."

"मी टॅबवर वाचतेय."

"मग पोट गुरगुरतंय."

"राक्षस माझ्या तोंडात आहे, पोटात नाही."

तिने पुन्हा सुरुवात केली. कुरकुर वाढली. दुसऱ्या कुणीही मान वाकवून खाली पाहिलं असतं. कानसेनाने आवाज वाढवला, आणि नीट ऐकू यावं म्हणून डोळे मिटले.

बोळात बंबांनी पेपर खाली केला आणि नाक वर केलं. कान गेले तरी नाक शाबूत होतं. दुसऱ्या क्षणी ते दारात होते, हातात पावडरचं सिलिंडर, पिन उपसलेली.

"जावईबुवा, डोळे उघडा!"

मिक्सरच्या बरोबर खालच्या ॲम्प्लिफायरमधून काळा धूर येत होता आणि पाठीमागे बोटभर पिवळी ज्योत नाचत होती. कानसेनाचा हात आपोआप गॅसच्या सिलिंडरकडे गेला. तेवढ्यात काचेपलीकडे त्याला बायको दिसली. मान खाली घालून, भुवया चढवून ती राक्षसाचं बोलणं वाचत होती. तिला धूरही दिसत नव्हता आणि हाकही ऐकू जात नव्हती. ती खोली तशी व्हावी म्हणून त्याने स्वतः आठ महिने खपून भिंती भरल्या होत्या.

त्याने सिलिंडर सोडलं आणि त्या खोलीचं दार धरलं. दाराला दोन जड खटके, दोन्ही हात लागायचे. म्हणजे पाठ मिक्सरकडे, आणि मिक्सरसमोर सासरे, नळी हातात. वळताना आपण मिक्सरकडे पाहिलंही नाही, असं तो नंतर सांगत असे. पाहिलं होतं.

"अरे, वाक्य संपत आलं होतं माझं!" बायको ओरडली.

"घरही संपत आलंय, चल!"

तिला ओढत बोळात आणून तो भिंतीला टेकला आणि पावडरच्या आवाजाची वाट पाहू लागला. तो आवाज त्याला ठाऊक होता, वाळूचा ट्रक उलटल्यासारखा. आतून आधी 'खट्' ऐकू आलं. मेन स्विच. मग रेल्वेने ब्रेक सोडावा तसा एक कडक फूत्कार, पुन्हा एक छोटा, आणि शांतता.

"गॅस," तो पुटपुटला. "गॅस मारला त्यांनी!"

आत बंब गुडघ्यावर बसले होते. गॅसचं सिलिंडर मुठीला धरलेलं, काळ्या भोंग्यापासून बोटं लांब. पावडरचं सिलिंडर कोपऱ्यात उभं होतं आणि त्याची पिन ते परत बसवत होते. ॲम्प्लिफायर गेला होता. त्याच्यावर पांढरं दव धरलं होतं. मिक्सर जसाच्या तसा.

"बाबा, पावडर हातात होती तुमच्या."

"होती की."

"मग?"

"तुम्ही माझी मुलगी बाहेर काढत होतात. तोवर तुमच्या यंत्राकडे कुणीतरी बघायला नको?"

बायकोने खिडकी उघडली आणि दोघांनाही पाणी दिलं.

दुपारी वायरमन आला. त्याने एक्स्टेन्शन बघितलं, कपाळाला हात लावला, ते उचलून कचऱ्यात टाकलं आणि मिक्सरला वेगळी लाइन दिली. मग कानसेनाने हेडफोन चढवून पहिली खिट्टी सरकवली. लोण्यासारखी. दुसरी, तिसरी, दहावी, विसावी, सगळ्या गुळगुळीत. बंब आणि बायको त्याच्या चेहऱ्याकडे पाहत उभे.

तेविसाव्या खिट्टीला त्याचा चेहरा पडला. "खरखरतेय."

बंबांनी मुलीकडे पाहिलं. "मी फार जवळून मारला का गं?"

"काही नाही, बाबा. ती दोन वर्षांपासून खरखरते. मी किती वेळा सांगितलं याला! दर वेळी म्हणतो, तुझ्या आवाजात आहे."

कानसेनाने खिट्टी पुन्हा वर-खाली केली. तीच खरखर, तिळमात्र कमी-जास्त नाही.

"हो, तीच आहे," तो म्हणाला, आणि एकदम हसू लागला. "तुझ्या आवाजात काही नाही."

"लिहून दे," बायको म्हणाली.