नाक नसलेल्या राजाचे नाणे

मित्रांनो, मी एक जुने चांदीचे नाणे आहे. माझ्या एका बाजूला नॉर्वेचा राजा आहे. त्याला नाक नाही. ते कुठे गेले, तेवढे सांगतो आणि गप्प बसतो.

टाकसाळीतून मी एका फ्योर्डकाठच्या शेतघरात आलो, म्हाताऱ्या रागनाबाईंकडे. बाजारात मी फारसा गेलोच नाही. तिकडे चांदी औषधालाही लागते. ताप उतरत नसेल, तर चांदीचा कीस पाण्यातून देतात. अट एकच, चांदी वारशाने आलेली हवी.

रागनाबाईंची नात आस्ता तापाने फणफणली.

"सासूबाई, नाणं द्या ना," सून गुरी रडवेली झाली.

"दिलेल्या चांदीला गुण नसतो, बाई. त्यासाठी मला मरायला हवं. सकाळपासून प्रयत्न करतेय, जमत नाहीये."

शेवटी त्यांनीच प्रेताखाली घालतात तसा पेंढा पसरायला लावला आणि त्यावर हात जोडून आडव्या झाल्या. मला पापणीवर ठेवले. मुलगा हालवोर प्रेतापुढचे स्तोत्र म्हणू लागला.

"नीट गा रे," प्रेत म्हणाले. "आई गेलीय, बैल नाही."

मग गुरीने वारसा म्हणून मला उचलले आणि सुरीने राजाचे नाक किसले.

दुसऱ्या दिवशी आस्ताने उठून लापशी मागितली. रागनाबाईही भुकेल्या होत्या, जेवायला बसल्या. गुरीचा डाव हवेतच थांबला.

"तुम्ही परत आलात, तर नाणं परत तुमचं होईल. आणि ताप..."

रागनाबाईंनी नातीकडे पाहिले. चमचा खाली ठेवला.

तेव्हापासून त्या दाराजवळच्या स्टुलावर बसत. नाताळात मृतांसाठी ठेवतात तशी त्यांची वाटी उंबऱ्यावर ठेवत. त्यांच्याशी कोणी बोलत नसे. मला चौकटीवर ठोकले होते, त्यामुळे मला वरून सगळे दिसे.

"दाराशी कोण बसलंय?" आस्ता विचारी.

"कुणी नाही."

"मग हसतंय कोण?"

पुढे त्या खरोखर गेल्या, तेव्हा स्तोत्र झाले नाही; ते आधीच म्हणून झाले होते. हालवोरने नुसता खड्डा खणला. मोठी झालेली आस्ता तेव्हा रिकाम्या स्टुलाजवळ गेली आणि म्हणाली, "आजी."

मित्रांनो, आता मी संग्रहालयात आहे. मला मऊ कापडाने पुसतात. माझी काळजी करू नका. घरी जाल तेव्हा दाराशी कोणी बसले आहे का बघा. बसले असेल, तर हाक मारा. ओ द्यायला कोणी आहे, तोवरच.