बाविसाव्या ओळीतला i

प्रोग्रॅमच्या बाविसाव्या ओळीत i या चलाची किंमत छापायला सांगितली होती आणि पडद्यावर शून्य आलं होतं. सिद्धराम सरांनी लिहिलेल्या पुस्तिकेत त्याच जागी पाच होतं.

सरांनी बुद्धप्रियाच्या प्रात्यक्षिकावर लाल रेघ ओढली. पुस्तिकेशी उत्तर जुळलं तरच गुण, हा नांदेडच्या त्या कॉलेजातला त्यांचा नियम. नापास झाली तर पदवी अडकणार आणि पुण्याची ठरलेली नोकरी जाणार. तिनं तर प्रोग्रॅम अक्षरन् अक्षर उतरवला होता. फक्त जुन्या मशीनचा कीबोर्ड बंद होता, म्हणून ती नव्या मशीनवर बसली होती.

प्रयोगशाळा उज्वलाच्या ताब्यात होती. दरवर्षी सांगायची तेच तिनं पुन्हा सांगितलं. प्रोग्रॅममध्ये i दोन आहेत, एक सगळ्यात वर, दुसरा लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, कंसात. जुन्या मशीनवरचा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा, लूप संपल्यावरही लूपमधला पाचापर्यंत मोजून झालेला i जिवंत ठेवायचा. नवा ठेवत नाही. तो नाव शोधत एकेक कंस बाहेर जातो आणि वरच्या i पाशी थांबतो. त्याला कुणी हातच लावलेला नाही, म्हणून तो सुरुवातीचा शून्यच. नाव सापडलं, म्हणून तो तक्रारही करत नाही.

"इतकी वर्षं जुन्या मशीनवर पाच येतंय," सर म्हणाले. "नव्यावर शून्य कसं यील? मशीन बी पुण्याला शिकून आलं का?"

लातूरहून आलेले परीक्षक हसले आणि तुमचं तुम्ही ठरवा म्हणत चहाकडे वळले. सरांनी बुद्धप्रियाला शून्य खोडून पाच लिहायला सांगितलं. रेघ काढून टाकतो म्हणाले. तिनं पेन उघडलं. लिहिलं नाही. उज्वलाकडे बघत राहिली.

उज्वला याच सरांची विद्यार्थिनी. पुस्तिका बदलू म्हटलं की ते म्हणायचे, मी रिटायर झाल्यावर बदल. तीही दर जूनला गप्प बसायची आणि दर परीक्षेला हेच समजावत उभी राहायची. आता सरांना मुदतवाढ मिळाली होती.

तिनं बुद्धप्रियाच्या हातातलं पेन घेऊन टोपण लावलं.

"सर, तिचं शून्य बरोबर आहे. पूर्ण गुण दिल्याशिवाय मी गुणपत्रकावर लॅबची सही करणार नाही. आणि उद्यापासून या लॅबमध्ये तुमची पुस्तिका चालणार नाही."